डाव्या हाताचा खुलासा

मास्तरांच्या दोन्ही पायांना सायकलच्या क्लिपा असत. सायकल नव्हती. ती मंडईबाहेरून चोरीला गेली होती, मी त्यांना ओळखायला लागलो त्याच्या कितीतरी वर्षं आधी. मी एकदा विचारलं, "मास्तर, सायकल नाही तर क्लिपा कशाला?"

"चोरीला सायकल गेली. क्लिपा कुठे गेल्या?"



मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत दोन महिने बसलो होतो, ते मी धरत नाही. तीस वर्षं मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तोलणार होतो. शेतकऱ्याचा माल उतरला की शेतकरी आणि त्याचा माल विकून देणारा आडत्या यांच्या मधे उभं राहायचं, पोतं काट्यावर घ्यायचं आणि वजन मोठ्यानं सांगायचं, हे तोलणाराचं काम. तो दोघांतल्या कुणाचाच नसतो. माझ्यापाशी नुसतं पोतं टेकवलं तरी मी किलोच्या आत सांगायचो. आणि मी सांगितलेलं वजन तीस वर्षांत कुणी परत करून बघितलं नाही. एकदा बघितलं. मास्तरांचं सांगायचं तर ते एकदाचं सांगावं लागतं.

मास्तर सदाशिव पेठेत राहायचे आणि मुलांना लिहायला शिकवायचे. अक्षर वळवायला नाही. लिहायला. एका वेळी एकच विद्यार्थी. खोलीत खुर्ची एक, ती विद्यार्थ्याला. मास्तर उभे. त्या गल्लीत तेव्हा प्रत्येक जिन्यावर पाट्याच पाट्या झाल्या होत्या. संगणक, इंग्रजी संभाषण, स्पर्धा परीक्षा, परदेशी जायचं मार्गदर्शन. एका पाटीवर दुसरी पाटी. मास्तरांची पाटी नव्हती. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "लोक पाटी वाचतात आणि मग वर येऊन तेच विचारतात. नसली तर नुसते विचारतात. एक काम वाचतं."

माझी वैशाली अकरावीला गेली आणि म्हणाली, मी सरांकडे लिहायला शिकायला जाणार.

मी म्हणालो, "दहा वर्षं शाळेत काय केलंस?"

"फळ्यावरचं उतरवून घेतलं."

"ज्याला बोलता येतं त्याला लिहिता येतं. पोहायला शिकवतात ते समजतं, माणूस बुडतो. न लिहिता कोण बुडालंय?"

"आप्पा, मी जाणार."

ती गेली. माझ्यावर गेली आहे, त्याला माझा इलाज नाही.

मास्तरांचा पहिला धडा सगळ्यांना एकच. माझ्या खोलीपासून तुझ्या घरापर्यंत कसं यायचं ते लिही. मुलं लिहायची. मग मास्तर तो कागद हातात धरून खरंच निघायचे, पायी, आणि कागदात असेल तेवढंच करायचे.

मला हे माहीत नव्हतं. एका मंगळवारी सकाळी लिलाव चालू होते, टेम्पो लागले होते, हमालांची पळापळ होती, आणि त्यातून एक वाळका माणूस पायाला क्लिपा लावून, कागदात बघत, सरळ रेषेत चालत आला. आमच्या गाळ्यापुढे कांद्याच्या पोत्यांची थप्पी होती. तिला नाक लागेपर्यंत आला आणि थांबला.

हमाल म्हणाला, "ओ काका, बाजूनं जा."

"बाजूने असं लिहिलेलं नाही."

मी पुढं झालो. "कुठं जायचंय तुमाला?"

"इथून सरळ."

"सरळ थप्पी हाय."

"मला दिसते. लिहिणाऱ्याला दिसलेली नाही."

मी कागद बघितला. अक्षर ओळखीचं होतं. म्हणालो, ही माझी मुलगी, घर या गाळ्यांच्या मागंच आहे, चला, मी सोडतो.

"तुम्ही सोडलंत तर मी पोचेन. कागद पोचणार नाही."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागदावर वेळ लिहिली आणि आले तसे पेठेत परत गेले. पायीच. वैशाली दुपारी घरी यायची तेव्हा तिथं थप्पी नसायची, तिनं दुपारचा रस्ता लिहिला होता. तिला परत लिहावं लागलं. दुसऱ्या खेपेला ते शेजाऱ्यांच्या मोरीच्या दाराशी पोचले. तिसऱ्या खेपेला आमच्या दारात उभे राहिले. आमची मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मास्तर म्हणाले, "पोचलो," आणि वळून चालायला लागले. मंडळी तांब्या घेऊन उभी.

"पोचलो" ही त्यांची शाबासकी. दुसरी नव्हती. लिहिलेलं कळलं नाही, कुठं काही राहिलं असलं की म्हणायचे, "मी अजून स्वारगेटलाच आहे." स्वारगेट पेठेतून आमच्याकडं यायच्या अर्ध्या वाटेत. मग विद्यार्थी पेठेतला असो नाहीतर कोथरूडचा, मास्तर स्वारगेटलाच.

आणि पहिलं पान फाडायचे. कुणाचंही. वैशाली सांगायची, वाचतही नाहीत. "पहिल्या पानावर माणूस घसा साफ करतो. गाणं दुसऱ्यापासून." फाडलेली पानं मात्र टाकत नसत. भिंतीला फळ्याफळ्यांचा लोखंडी घोडा होता, त्यावर गठ्ठे बांधून ठेवलेले. मी विचारलं होतं, कशाला? म्हणाले, "लोकांचा घसा आहे. रद्दीत कसा घालणार?"

त्यांच्याकडे अकोल्याकडचा एक इंजिनिअर यायचा. कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, आठवड्याला मोबाइल बदलायचा. अमेरिकेतल्या त्याच्या साहेबाला तो पत्र लिहायचा, साहेब उलट विचारायचा, हा परत लिहायचा, साहेब परत विचारायचा. एका कामाचे चार दिवस. मास्तरांनी त्याला साहेबाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "खोलीला कुलूप आहे?" होतं, आणि ते अडकायचं. म्हणाले, ते कसं उघडायचं ते लिही. त्यानं लिहिलं, किल्ली घालून जरा हलवून फिरवा. मास्तर त्याच्याकडून किल्ली घेऊन, तो कामावर असताना, कर्वेनगरला त्याच्या खोलीवर गेले. संध्याकाळी तो घरी आला तर मास्तर पायरीवर बसलेले.

"सर, उघडलं नाही का?"

"जरा हलवलं."

"अहो, म्हणजे जोरात हलवायचं ना. किल्ली थोडी बाहेर ओढून."

"हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही?"

चार महिन्यांत साहेब एका पत्रात ऐकायला लागला म्हणे. पुढं कंपनीनं त्याला तिकडंच पाठवलं. जाताना पेढे घेऊन आला. मास्तरांनी पेढे ठेवून घेतले आणि त्याच्या निरोपाच्या पत्राचं पहिलं पान फाडलं.

मी हे सगळं ऐकून हसायचो. म्हणायचो, पेठेत असतातच अशी माणसं, पाण्याचा गुण.

मग काटा आला. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गाळ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा बसला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लाल आकडे लागले. जुना काटा वजनांचा, साखळ्यांना फळी टांगलेली. तो वखारीत मागं गेला. आडत्या म्हणाला, आता तुमचं काम सोपं झालं. माझं काम अवघड कधी होतं, असं मी त्याला विचारलं.

पुढच्या श्रावणात जुन्नरकडचा एक शेतकरी आला. माझ्या वयाचा, शांत. साठवणीचा कांदा, बेचाळीस पोती. मी तोल केला, तो हिशेबाची पट्टी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आला. त्यानं पोती घरून निघताना गावच्या सोसायटीच्या काट्यावर एकेक करून तोलून आणली होती. प्रत्येक पोत्यात किलो, सव्वा किलोचा फरक. त्यानं आरडाओरडा केला असता तर मी उलट दोन दिल्या असत्या. तो म्हणाला, "तोलणार, तुमच्याकडनं आसं व्हायला नको हुतं."

त्यानं बाजार समितीकडं तक्रार दिली. काटा तपासायला माणसं आली. काटा बरोबर. मग राहिलो मी. आडत्यानं तोलणार फोडला, असं यार्डात दोन दिवसांत झालं. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं चहा प्यायलो ते चहा घेताना पाठ करून उभे राहायला लागले. नोटीस आली, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर परवाना रद्द.

अशा वेळी लागणारा खुलासा यार्डात तयार मिळायचा. एकाकडं नमुना होता, त्यात फक्त नाव घालायचं. सदर आरोप निराधार असून हेतुपुरस्सर करण्यात आलेले आहेत, वगैरे. मी तो उतरवून आणला. वैशालीनं वाचला.

"आप्पा, यात तुम्ही कुठंच नाही."

"नाव हाय की वर."

"नाव आहे. तुम्ही नाही. सरांकडे चला."

मी गेलो. शिकायला नाही. मला म्हणायचं होतं की बघा मास्तर, चौथी पास माणसानं कसा लिहिलाय.

मास्तरांनी खुर्ची दाखवली. मी बसलो. त्यांनी कागद घेतला आणि फाडला. एकच पान होतं, ते पहिलं निघालं.

म्हणालो, "मास्तर, आता तुम्हीच लिहून द्या की."

"मी कुणाला लिहून देत नाही. तुम्ही तोल कसा करता?"

"म्हंजी?"

"पोतं आलं. पुढे काय होतं? तुमचा कोणता हात काय करतो? तेवढं लिहा. निराधार वगैरे नंतर बघू."

मी लिहायला बसलो. माझं अक्षर मोठं, एका ओळीत चार शब्द मावायचे. दोन तास लागले. मास्तर खिडकीशी उभे होते. मधे एकदा म्हणाले, "पोती तोलताना एवढं खाली बघता का?"

झाल्यावर त्यांनी कागद घेतला आणि खोलीच्या मधोमध येऊन लिहिलंय तसं करायला लागले. वाचायचे आणि करायचे. मी लिहिलं होतं, हमालानं पोतं काट्यावर ठेवलं. मी उजव्या हातानं त्याचं तोंड बघितलं. डावा हात पोत्याच्या वरच्या टोकाला, कानाला लावला. पोतं हलायचं थांबलं. आकडा वाचला. मोठ्यानं सांगितला. हमालानं पोतं उचललं.

कागद संपला. मास्तर तसेच उभे, डावा हात हवेत, पोत्याचा कान धरल्यासारखा.

मी म्हणालो, "हात खाली घ्या मास्तर."

"कुठे लिहिलंय?"

"ते काय लिहायचं? काढतोच की माणूस."

"कधी?"

"पोतं थांबल्यावर."

"कशासाठी काढता?"

"कशासाठी म्हंजी? वजनं..."

हे नीट सांगतो, म्हणजे कुणी स्वारगेटला राहायला नको. जुन्या काट्याची फळी टांगती. पोतं ठेवलं की झोके घ्यायची. डाव्या हातानं पोत्याचा कान धरून ती थांबवायची, आणि लगेच त्याच हातानं दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं घालायची, काढायची. हात पोत्यावरून निघायचा कारण त्याला वजनांचं काम असायचं. मी तो कधी काढला नाही. कामानं काढला. नव्या काट्याला वजनंच नव्हती.

मास्तरांचा हात अजून वरच होता. शेवटी म्हणालो, "मास्तर, हात कधी काढतो ते मला माहीत न्हाई."

"हे लिहा," ते म्हणाले, आणि मग हात खाली घेतला. दंड चोळला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पहिलं पोतं आलं तेव्हा मी आकड्याकडं बघितलं नाही, हाताकडं बघितलं. पोतं ठेवलं, लाल आकडे वरखाली व्हायला लागले, डावा हात आपणहून कानाला गेला, आकडे थांबले, हात तिथंच. कान थोडा वर उचलून. मी आकडा वाचला. मग हात काढला. सव्वा किलो वाढलं. दुसरं पोतं घेतलं. तसंच. तिसऱ्याला आडत्या म्हणाला, "काय झालं, बरं नाही का?"

खुलासा मी त्या दिवशी दुपारी लिहिला. जुन्या काट्याचं लिहिलं, नव्याचं लिहिलं. शेतकऱ्याच्या बेचाळीस पोत्यांच्या कानाला माझा डावा हात होता, म्हणून वजन कमी भरलं, काटा बरोबर आहे, शेतकरी बरोबर आहे, आडत्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं लिहिलं. सही केली. अंगठा मी कधीच केला नाही.

समितीतल्या साहेबांनी दोनदा वाचला. "हे कुणी लिहून दिलं?"

"मीच."

"तुम्ही चूक कबूल केलीय, हे कळतंय का तुम्हाला?"

"लिहिणाराला कळणार न्हाई तर कुणाला?"

त्यांनी शेजारच्या साहेबांना दिला. त्यांनीही दोनदा वाचला. परवाना रद्द झाला नाही, तीन महिने थांबवला. आडत्यानं फोडला ही बोली त्या दिवसापासून बंद झाली. शेतकरी पुढच्या हंगामात आला आणि तोलायला मलाच बोलावलं. सगळा वेळ माझ्या डाव्या हाताकडं बघत उभा होता. मीही.

ते पुढचं झालं. निकाल लागला त्या संध्याकाळी मी खुलाशाची नक्कल घेऊन जिना चढलो. खुर्चीवर बसलो, नक्कल दिली. मला एकच शब्द ऐकायचा होता आणि तो माझा हक्काचा होता.

मास्तरांनी वाचलं. पान फाडलं नाही. घडी घातली.

"बेचाळीस पोती," ते म्हणाले.

"हां."

"काटा कधी बसला?"

"पाडव्याला."

"तक्रार?"

"श्रावणात."

मास्तरांनी घडी परत उघडली. मग म्हणाले, "मी अजून स्वारगेटलाच आहे."

"बाकीच्यांनी तक्रार केली न्हाई, मास्तर."

"मी तक्रारीचं विचारत नाही. हाताचं विचारतोय."

मी उठलो. "तीन महिने घरी बसायचंय मला. माणसं बघत्यात. अजून काय लिहू?"

"एक वाक्य."

मी जिना उतरलो तो परत चढलो नाही. मला वाटलं, हा माणूस पोचायचाच नाही, याला आकाशात नेऊन सोडलं तरी म्हणेल स्वारगेट. वैशाली मात्र जात राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी जेवताना सांगायची, "आप्पा, सर विचारत होते, वाक्य झालं का."

मी म्हणायचो, "सांग, झोपलेत."

तिनंही तेच सांगितलं असणार. तिला लिहिल्याबोलल्यात बदल करायची सवय त्यांनी ठेवली नव्हती.

पुढं तिला हिंजवडीला नोकरी लागली. कंपनी कॉम्प्युटरची कामं करते आणि ती कशी चालवायची हे वैशाली लिहिते, इंग्रजीत. तिच्या वर्गातल्या नव्वद टक्केवाल्या मुली तिथं लेखी परीक्षेत राहिल्या. तिला परीक्षेत एक यंत्र दाखवून म्हणाले, हे वापरायचं कसं ते लिहा. तिनं कोणता हात काय करतो तिथून सुरुवात केली. ती म्हणते, इंग्रजी पुस्तकातनं आलं, लिहिणं सरांकडनं. मी म्हणतो, लिहायला शिकवावं लागत नाही. माझं मत मी बदललेलं नाही.

नोकरीचे पेढे घेऊन मीच निघालो. तीन वर्षं झाली होती. म्हटलं, वाक्याचं काढलं तर बघू. जिन्याला नवी पाटी होती, संगणक. वर त्या खोलीत बारा खुर्च्या. मी खाली आलो. तळमजल्यावरच्या बाई दारात भाजी निवडत होत्या.

"मास्तर कुठं असतात हल्ली?"

"ते गेले."

"कुठं?"

त्यांनी वर बघितलं. "अहो, गेले."

बहीण येऊन सामान घेऊन गेली होती. घोड्यावरचे गठ्ठे रद्दीत गेले, टेम्पोनं न्यावे लागले, असं बाई म्हणाल्या. मी पेढ्यांचा पुडा त्यांना दिला. त्यांनी विचारलं, कशाचे? म्हणालो, मुलगी लिहायला लागली त्याचे. त्या म्हणाल्या, "अगं बाई, केवढी आहे?"

हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. पहिलं पान फाडलं, त्यात नमस्कार आणि प्रस्तावना होती. बाकीचं रविवारी वैशालीला दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं. इथपर्यंत आली आणि कागद उलटा करून मागं बघितलं.

"आप्पा, वाक्य?"

तर ते असं आहे. काटा पाडव्याला बसला आणि तक्रार श्रावणात आली. मधल्या नऊ महिन्यांत आमच्या गाळ्यावर उतरलेल्या प्रत्येक पोत्याचं वजन मी सांगितलं, आणि प्रत्येक पोत्याच्या कानाला माझा डावा हात होता. ती वजनं कुणी परत करून बघितली नाहीत.